शेजारचा दात

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये थांबली. आधी एक गचका बसला, दिवा गेला, परत आला, आणि मग सगळं गप्प. आत आम्ही दोघंच. माझ्या हातात पुठ्ठ्याचा डबा होता आणि डब्यात तीन माणसांचे प्लास्टरचे जबडे, वरच्या मजल्यावरच्या दवाखान्यात पोचवायचे. माझ्यासमोर तिशीची एक अनोळखी बाई, तिच्या हातात कुंडी. गचक्याबरोबर कुंडीतली ओली माती माझ्या बुटांवर सांडली आणि ती बाई हसली. घाबरून हसतात तसं नाही, लाजूनही नाही. आपली चूक झाली आणि ती भारी गमतीची झाली, अशा थाटात मोकळं हसली. तिच्या वरच्या समोरच्या दोन दातांच्या शेजारचा दात, तिच्या उजव्या बाजूचा, थोडा वळलेला होता. रांगेत उभ्या असलेल्या माणसाने शेजारच्याशी बोलायला मान वळवावी तसा. मी बघत राहिलो. हा माझ्या धंद्याचा रोग आहे. न्हावी केस बघतो, शिंपी शिवण बघतो, मी तोंडं बघतो. बायको तर म्हणते, "तुम्ही माणसाशी बोलता की त्याच्या दातांशी?" पण त्या दिवशी मी धंद्याच्या नजरेने बघत नव्हतो, एवढं नक्की. मग कुठल्या नजरेने बघत होतो ते मला अजून सांगता येत नाही. तिच्या ते लक्षात आलं असावं, कारण तिने कुंडी छातीशी धरली आणि मोकळा केलेला हात तोंडावर ठेवला. लिफ्ट सुरू झाली, चौथ्या मजल्यावर ती उतरली, आणि दार बंद होईपर्यंत तो हात तसाच होता.

जबडे दवाखान्यात देऊन मी जिन्याने खाली आलो. लिफ्टची भीती वाटली म्हणून नव्हे. आपण कुठल्या मजल्यावर काय विसरून आलो ते शोधत उतरावं, तसा उतरलो. दात विसरलो, पण तो हात डोक्यातून जाईना. असं तोंडावर हात ठेवून हसणारं माणूस माझ्या घरात आहे. माझी आई. गेली चोवीस वर्षं ती अशीच हसते. आणि त्या हाताखालचे दात मी केलेले आहेत.

मी कवळ्या करतो. आमच्या इमारतीत मला कवळीवालाच म्हणतात. डॉक्टर तोंडाचं माप घेतात, माप आमच्याकडे येतं, त्यात प्लास्टर ओतून जबडा तयार होतो, त्यावर प्लास्टिकचा पातळ तळ, तळावर गुलाबी मेण आणि मेणात एकेक दात बसवायचा. दात आम्हाला पट्टीवर सहा-सहाच्या ओळीत चिकटवून मिळतात. मेणाची कवळी आधी ट्रायलला जाते, माणूस ती घालून आरशात बघतो, ठीक म्हणाला की मेणाच्या जागी पक्कं प्लास्टिक, मग घासणं, चमकवणं. सत्तावीस वर्षं हेच करतोय. आई चौपन्नची असताना तिच्या हिरड्या बिघडल्या आणि वर्षभरात सगळे दात गेले. मी तेव्हा तीन वर्षं नुसतं प्लास्टर कालवत होतो. पूर्ण कवळी माझ्या हातात कुणी देत नव्हतं. हट्टाने आईची मागून घेतली. पहिली कवळी. सगळ्यांत सरळ दातांची पट्टी निवडली, मोजपट्टी लावून ओळ तपासली, रात्री उशाशी घेऊन झोपायचं तेवढं बाकी होतं. आईने ती घातली, आरशात बघितलं, "छान आहेत रे," म्हणाली. नंतर ताई काहीतरी बोलली, आई हसली, आणि हसता हसता तिचा हात तोंडावर गेला. मी त्याचा अर्थ लावला नाही. बायकांची रीत, वय झालं, असं काहीतरी समजलो. कवळी दर पाच-सहा वर्षांनी बदलावी लागते हे मी दिवसातून दहा वेळा लोकांना सांगतो. आईला तीन-चारदा विचारलं तर म्हणाली, हीच बरी आहे. दिव्याखाली अंधार असतो म्हणतात, तो आपल्याच दिव्याखाली असेल असं कुणाला वाटतं?

तर त्या रात्री जेवताना आई कशाला तरी हसली, हात वर गेला, आणि मला त्या हाताच्या मागे बाईचा वळलेला दात दिसला. बाईचा नव्हे, आईचा. मी चार-पाच वर्षांचा असेन. दुपार. आई उंबऱ्याशी बसून कपड्यांच्या कडा दुमडून शिवते आहे आणि मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडलोय. वरून सुई जाते, येते. दोऱ्याचा आवाज येतो, अगदी बारीक, कापडातून ओढला जाताना येतो तो. बाहेरून कुणीतरी काहीतरी म्हणतं आणि आई हसते, तिचं पोट हलतं, माझं डोकं हलतं, आणि खालून मला तिचे वरचे दात दिसतात, त्यातला एक वळलेला, त्याच्या कडेवर उजेड. मला तेव्हा वाटायचं की हसू त्या दातातून येतं. बाकीचे दात नुसते उभे आहेत, हसणारा तो एकटा. हे मी चाळीस-पंचेचाळीस वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. आणि मग घास तोंडात तसाच राहिला. मी तो दात ओळीत उभा केला होता. पट्टी लावून! मीच. चोवीस वर्षं आई हात धरून काय झाकत होती ते मला एका क्षणात कळलं, किंवा कळल्यासारखं वाटलं. "काय झालं?" बायकोने विचारलं. मी म्हटलं, "काही नाही, काहीतरी सुचलंय." हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःबद्दल वापरला असेन. आमच्या धंद्यात कुणाला काही सुचत नाही, माप येतं.

पुढचे आठ दिवस माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. सुचणं म्हणजे काहीतरी आनंदाचं असेल अशी माझी समजूत होती. तसलं काही नाही. चप्पल हरवल्यासारखं वाटतं, एवढंच. एका निवृत्त मास्तरांची ट्रायल दवाखान्यातून परत आली, सोबत चिठ्ठी : शेजारचा दात हललाय का, बघावे. बघितलं. हलला नव्हता, मीच वळवला होता, मला पत्ताही नव्हता. मास्तरांचा दात सरळ करताना उगाच त्यांचा राग आला, आणि मग माझा. भलत्याच्या तोंडात आपल्या आईचं हसू बसवायचं म्हणजे काय! ठरवलं, आईलाच नवी कवळी करायची, तो दात जसा होता तसा बसवून. तिचा हात खाली आला पाहिजे. एवढंच हवं होतं मला, आणि ते इतकं हवं होतं की मी कुणाला सांगितलं नाही. आईला तर नाहीच. विचारलं असतं तर ते एक काम झालं असतं, आणि ती नको म्हणाली असती तर काम संपलंच असतं. ती अठ्ठ्याहत्तरची आहे. पुन्हा कधी, असं म्हणायला फार जागा उरलेली नाही.

पण दात कुठल्या बाजूचा? इथे सगळं अडलं. डोळे मिटले की मांडी यायची, सुई यायची, दात यायचा, आणि तो एकदा डावीकडे असायचा, एकदा उजवीकडे. मी खालून बघत होतो, आडवा, कधी उलटा. शिवाय मधे ती लिफ्टमधली बाई. तिचा उजवा होता हे मला पक्कं माहीत, आणि म्हणूनच आईचा उजवा म्हटलं की तो तिचा वाटायचा, उसना आणलेला. जुने फोटो काढले. सगळ्यांत आई ओठ मिटून बसलेली. त्या काळी फोटोत हसलं की फोटो वाया गेला असं समजायचे. ताईला फोन केला. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, तिला आठवायला हवं.

"डावा," ती लगेच म्हणाली. मग थांबली. "थांब हं. माझ्या डावीकडे की तिच्या?"

"तिच्या डावीकडचा डावा. आमच्यात तसंच धरतात."

"तुमच्यात काहीही धरतील. मी समोर उभी राहून वेणी घालून घ्यायचे... नाही, वेणीला पाठ करून उभी राहायचे. अरे, तिलाच विचार की! घरातच आहे ना?"

"विचारायचं नाहीये."

"मग मला कशाला छळतोस?" ताई म्हणाली, आणि तिला हसू आलं. ताईचे दात सरळ आहेत, वडिलांवर गेलेत.

आईला म्हटलं, डॉक्टरीणबाई म्हणतात, कवळी बदलायला झाली. "चोवीस वर्षं नाही म्हणाल्या त्या," आई म्हणाली, आणि मला वाटलं संपलं. पण ती उठून चप्पल घालायला लागली. इतक्या सहज तयार झालेली बघून मी बावचळलो. त्याच लिफ्टने गेलो. तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये मी श्वास धरला, आईने माझी बाही धरली, लिफ्ट थांबली नाही. डॉक्टरीणबाईंनी आईची जुनी वरची कवळी दोन बोटांनी काढली, फार सहज, टोपी काढावी तशी, आणि माझ्याकडे एक नजर टाकली. मला ते कौतुक वाटलं. माझी पहिली कवळी आहे, मी सांगितलं सुद्धा. त्या मापाचा लगदा कालवायला लागल्या. दात नसलेली आई माझ्याकडे बघून डोळ्यांनी हसली. तेव्हा हात तोंडावर नव्हता हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

माप आलं, प्लास्टर ओतलं, मेण चढवलं. तेरा दात मी एका सकाळी बसवले. चौदाव्याची जागा रिकामी. डावा वळवायचा की उजवा, ते ठरेना, म्हणून दोन्ही बाजू आळीपाळीने रिकाम्या करून बघितल्या. डावा वळवला तर आई दिसायची आणि लगेच नाहीशी व्हायची. उजवा वळवला तर कुंडी. समोरून बघून काही व्हायचं नाही, हे मला दुपारच्या जेवणानंतर उमगलं. मी कधी समोरून बघितलंच नव्हतं! मग टेबलांच्या मधल्या जागेत, प्लास्टरच्या पांढऱ्या भुग्यात, मी जमिनीवर उताणा पडलो, डोक्याखाली पिशवी घेतली, मान डावीकडे कलती केली आणि मेणाचा जबडा दोन्ही हातांनी वर धरला, खिडकीच्या उजेडात. एक्कावन्न वर्षांचा माणूस. गुलाबी मेणातून उजेड येत होता. हळूहळू जबडा वर-खाली हलवला, पोट हलल्यावर हलायचा तसा. तेवढ्यात आमची पॉलिशवाली आली. ती कवळ्या घासून चमकवते, तिच्या हाताखालून गेल्याशिवाय एकही कवळी बाहेर पडत नाही, आणि एकही गोष्ट तिच्या नजरेतून सुटत नाही.

"चक्कर आली का?"

"नाही. बघतोय."

"वरून दिसत नाही वाटतं." तिने माझ्या पायांवरून उडी मारून आपला स्टूल गाठला. मग तिला राहवेना. "कुणाची आहे?"

मी सांगितलं. पडल्या पडल्या सगळंच सांगितलं, लिफ्ट, हात, मांडी. छताकडे बघत बोलायला सोपं जातं. ती मोटर बंद ठेवून ऐकत होती. मग म्हणाली, "हात धरतात? हसतानाच? सैल असेल हो."

मला असा राग आला की मी उठून बसलो. "माझी पहिली कवळी आहे ती. सैल!"

"पहिलीच म्हणून म्हटलं," ती म्हणाली आणि मोटर चालू केली. मी परत पडलो. रागात मान जोरात कलली, आणि त्या तिरक्या कोनातून डावा दात एकदम ओळखीचा दिसला, त्याच्या कडेवर उजेड, आता कुणीतरी बाहेरून काहीतरी म्हणेल असा. मी तसाच उठलो, चाकू दिव्यावर तापवला आणि तो डाव्या बाजूला बसवला, वळवून. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा दाताला. पण मला रडू येत होतं हे खरं आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ट्रायल घरी नेली. आई खिडकीशी बसली होती. "बघू," ती म्हणाली, पाठ फिरवली, जुनी काढली, नवी घातली, आणि वळली. मी आरसा पुढे केला. तिने तो बघितलाच नाही. तोंड उघडलं, मिटलं. जीभ फिरवली. परत उघडलं, मोठं, जांभईएवढं. तिच्या चेहऱ्यावर कुणीतरी दारात उभं असल्यासारखं काहीतरी होतं, ओळखीचं आहे की नाही ते अजून न ठरलेलं.

"पडत नाही," ती म्हणाली.

"काय?"

"ही पडत नाही रे." आणि तिने मुद्दाम "हा हा" करून बघितलं. "बघ. जुनी सुटायची ना. हसलं की वरची खाली यायची. हात धरायला लागायचा."

मी आरसा मांडीवर ठेवला. "कधीपासून?"

"पहिल्यापासूनच."

"आणि सांगितलं नाहीस? चोवीस वर्षं?"

"तू इतका खुशीत होतास. पहिलीच केलेली तू." तिने बोटाने हिरडी चाचपली. "मग सवय झाली. आणि नंतर सांगायचं, तर इतके दिवस का नाही सांगितलं ते सांगत बसायला लागलं असतं. जाऊ दे की."

शरम वाटली, अशी की पायाखालची फरशी बघत राहिलो. रोज दहा माणसांच्या कवळ्या सैल आहेत की घट्ट ते मी नुसत्या बोलण्यावरून ओळखतो. आईचं बोलणं मी रोज ऐकत होतो. डॉक्टरीणबाईंना दोन बोटांत कळलं, पॉलिशवालीला न बघता कळलं, आणि मी जमिनीवर पडून मांड्या आणि उजेड आठवत होतो. म्हणजे दाताचं काही नव्हतंच? सगळं त्या बाईने, त्या कुंडीने, माझ्या डोक्यात घातलेलं? पण कुंडी नसती तर माप घेतलं नसतं, माप घेतलं नसतं तर ही घट्ट बसली नसती. मला काही धड कळेना. तेवढ्यात आईने माझ्या मांडीवरचा आरसा उचलला.

"हा एक वाकडा कसा बसलाय?"

"तुझा होता ना तसा. मी लहान असताना."

तिने आरसा जवळ नेला, लांब नेला. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "दोन होते."

"दोन?"

"दोन्हीकडचे. हा आणि हा. समोरासमोर तोंड केलेले. तुझे बाबा म्हणायचे, भांडून परत बोलायला लागलेत." आणि ती हसली. हात सवयीने वर आला, अर्ध्यावर, हनुवटीच्या खाली, आणि तिथे थांबला. त्याला काही काम नव्हतं. थोडा वेळ तो तसाच अधांतरी राहिला आणि मग तिने तो आरशाच्या काठावर ठेवला. मी चोवीस वर्षांनी तिचे दात बघत होतो, आणि खरं सांगायचं तर डावा दात मी बघितलाच नाही. "तू एकाच बाजूला डोकं ठेवून पडायचास," ती म्हणाली. "मांडी अवघडू दे नाहीतर मोडू दे, कूस बदलायची नाही. तुला एकच दिसला असेल."

"मग हा सरळ करू?"

"एकच वाकडा नको. कुठे पडून आपटल्यासारखं दिसतं. करायचे तर दोन्ही कर, नाहीतर दोन्ही सरळ ठेव."

"पण तुला कसे आवडायचे?"

"दातांचं काय आवडायचं? होते." मग माझं तोंड बघून म्हणाली, "मला नको विचारूस बाबा. कारागीर तू. चहा ठेवायला सांग." मी म्हटलं, आधी काढ, मेण आहे, चहाने वितळेल. ती हो म्हणाली, पण काढायला तिने बराच वेळ लावला. दोनदा आरशात बघितलं, एकदा खिडकीबाहेर बघून उगाच हसली.

सकाळी लवकर कामावर येऊन दिवा पेटवला. जबडा समोर. ज्यामुळे हे सगळं सुचलं त्यातलं काहीच जागेवर उरलं नव्हतं. हात लाजेने नव्हता, हसू एका दातातून येत नव्हतं, लिफ्टमधल्या बाईचा तर या घराशी काही संबंधच नव्हता. डावा सरळ करणं मिनिटाचं काम होतं. चाकू तापवला, मेण मऊ केलं, दात चिमटीत धरला. आणि सरळ करवेना. मग तो तसाच सोडून मी उजव्याकडे वळलो. तिथे मला मदत करायला काहीच नव्हतं. ना मांडी, ना उजेड, ना सुई. तो दात होता एवढंच कळलं होतं. किती वळलेला, कडेने की मधून, आत दबलेला की बाहेर आलेला, काही माहीत नव्हतं. घरी फोन करून विचारता आलं असतं. आई उठलेली असणार. मी विचारलं नाही. मेण मऊ केलं आणि तो वळवला, डाव्याएवढा नाही, थोडा कमी, भांडण झाल्यावर आधी ज्याने बोलायला तोंड उघडलं असेल त्याच्यासारखा. हे बरोबर आहे की नाही ते मला आताही सांगता यायचं नाही. मेण गार झालं तसा मी परत जमिनीवर उताणा पडलो, डोक्याखाली पिशवी घेतली आणि जबडा वर धरला.

पॉलिशवाली आली, दारातच थांबली. "आज डोकं या बाजूला?"

"इकडून कधी बघितलंच नव्हतं," मी म्हटलं.